जीसीएसई इंग्लिश लँग्वेज: इंग्लंडात नवीन आलेल्या आईबाबांसाठी

जीसीएसई म्हणजे इथली सोळाव्या वर्षाच्या आसपास होणारी बोर्डाची परीक्षा. नववी-दहावीच्या वयाची मुलं घेऊन आलेल्यांचे मला फोन येतात ते बहुतेक मॅथ्स-सायन्ससाठी, इंग्लिशचं काय म्हटलं की "अहो ती इंग्लिश मिडियमचीच आहे, कायम ऐंशीच्या वर असायची". मॅथ्सची काळजी खरंच सोडा, आपली पोरं तिथे निभावून नेतात. घोळ होतो तो इंग्लिश लँग्वेजमध्ये, आणि तो आपल्या लक्षात येईपर्यंत इयर ११ च्या (जीसीएसईच्या शेवटच्या वर्षाच्या) मॉक, म्हणजे सराव परीक्षा, झालेल्या असतात.

इंग्लिशच्या जीसीएसई दोन. लिटरेचर वेगळी, तिथे नाटक-कविता नेमलेल्या असतात, म्हणजे आपल्या सवयीचं. लँग्वेजला मात्र पुस्तकच नाही! धडे नाहीत, गाइड नाही, अपेक्षित प्रश्नसंच नाही, परीक्षेत समोर येणारा उतारा मुलाने आयुष्यात पहिल्यांदा बघायचा आणि तिथल्या तिथे त्यावर लिहायचं. म्हणून "किती चॅप्टर झाले?" हा आपला ठरलेला प्रश्न इथे कामाचा नाही. शाळेत भेटायला जाल तेव्हा आधी विचारा की बोर्ड कुठलं (एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर, एडुकास यातलं काहीतरी असेल), आणि मग विचारा की मार्क कुठल्या प्रश्नाला जातायत. टीचर हे दुसरं अगदी नेमकं सांगतात, पण विचारावं लागतं.

बऱ्याच शाळांत एक्यूए असतं म्हणून त्याचंच सांगते. दोन पेपर, प्रत्येकी पावणेदोन तास आणि ८० मार्क. त्यातले ४० वाचनाचे, ४० लेखनाचे. पहिल्या पेपरला एका कथेचा नाहीतर कादंबरीचा तुकडा, दुसऱ्याला दोन लेख, एक एकोणिसाव्या शतकातला आणि एक अलीकडचा. सोपा पेपर-अवघड पेपर असा पर्याय नाही, परवा भारतातून आलेला आणि इथेच जन्मलेला दोघांना तोच पेपर.

वाचनात आपली मुलं कुठे अडकतात सांगू? उताऱ्यात काय झालं ते छान सांगतात, आणि विचारलेलं असतं लेखकाने ते कसं सांगितलंय. समजा उताऱ्यात वाक्य आहे, 'द विंड क्लॉड ॲट द डोअर'. आपलं मूल लिहिणार, ही पर्सॉनिफिकेशन आहे, त्यामुळे वाचकाला पुढे वाचावंसं वाटतं. हे शेवटचं वाक्य कुठल्याही उताऱ्याखाली चालतं, म्हणून त्याला फारसं काही मिळत नाही. त्याऐवजी 'क्लॉड' एवढा एकच शब्द उचलायचा, पंजे मारणं हे जनावराचं काम, म्हणजे वारा नुसता वाहत नाहीये, त्याला आत घुसायचंय, आणि आता ते दार आतल्या माणसाला पुरेल का अशी धाकधूक वाटायला लागते. तीन-चार वाक्यंच झाली पण मार्क त्यालाच. अलंकाराचं नाव आलं तर बरं, नाही आलं म्हणून अडत नाही. घरी रोज एक वाक्य घेऊन "हाच शब्द का?" एवढंच विचारा, त्यासाठी तुमचं इंग्रजी फर्डं असायची गरज नाही, उलट तुम्हाला खरंच कळलं नसेल तर मूल जास्त नीट समजावून सांगतं.

स्ट्रक्चरचा प्रश्न आपल्याकडे कधी असतच नाही. लेखकाने सुरुवातीला काय दाखवलं, मग लक्ष कुठे वळवलं, कुठली गोष्ट मुद्दाम उशिरा सांगितली, असं लिहायचं असतं. एकदा जमला की मुलांना तो आवडायला लागतो.

आता लेखन. दोन्ही पेपरला शेवटचा एकच प्रश्न, ४० मार्कांचा, त्यातले १६ स्पेलिंग, विरामचिन्हं आणि वाक्यरचनेचे. मी इथे मराठीत जशी स्वल्पविराम टाकत टाकत सुटलेय तसं तिथे केलं की मार्क गेलेच, दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडलेली त्यांना चालत नाहीत. शिवाय आपलं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', पत्रातलं 'रिस्पेक्टेड सर', 'काइंडली डू द नीडफुल', हे सगळं सोडायचं. काळ गोष्टीच्या मध्येच बदलायचा नाही.

पहिल्या पेपरला वर्णन किंवा गोष्ट लिहायची असते. क्लासवाले पाठ करायला एक तयार गोष्ट देतात, कुठल्याही चित्राला चिकटवायची म्हणून, तसलं तपासणाऱ्याला लगेच कळतं. आणि सगळं इंग्लंडातच घडायला पाहिजे असं कोणी सांगितलंय? ट्रेनचा किंवा स्टेशनचा विषय आला तर मूल दादरचा जिना लिहू शकतं, प्रवासाचा आला तर रात्रीची एसटी, खडखडणारी काच, कंडक्टरचा टिकटिक वाजणारा पंच, डुलक्या खाताना शेजारच्याच्या खांद्यावर पडणारं डोकं. चिवचिवणारे पक्षी आणि सोनेरी सूर्य यांच्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. वेळेचं गणित म्हणजे लेखनाला पाऊण तास राखायचाच, त्यातली पाच मिनिटं आधी आराखडा आणि पाच शेवटी तपासायला. पानं भरायची सवय मोडा, इथे पुरवण्यांवर मार्क नाहीत.

दुसऱ्या पेपरला मत मांडायचं असतं, लेख, पत्र, भाषण असं काहीतरी. त्यासाठी गार्डियनचे मतांचे लेख साइटवर फुकट वाचता येतात, आठवड्याला एक पुरे. जुन्या इंग्रजीसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या मोफत साइटवर एकोणिसाव्या शतकातली प्रवासवर्णनं, पत्रं मिळतात. वाक्यं लांबलचक असतात, पहिले काही दिवस मूल वैतागेल, वैतागू दे. ट्यूशनला पैसे घालायच्या आधी बोर्डाच्या साइटवरचे जुने पेपर, मार्क स्कीम आणि एक्झामिनर रिपोर्ट उतरवून घ्या, सगळं मोफत आहे. प्रश्नांची मांडणी मधूनमधून बदलते म्हणून पेपर कुठल्या वर्षाचा ते टीचरला दाखवून घ्या.

बोलण्याचीही एक छोटी परीक्षा शाळेतच होते, पण तिचा ग्रेडशी संबंध नाही, पास-मेरिट-डिस्टिंक्शन असं वेगळं लिहून येतं. आणि हो, इंग्रजी-मराठी डिक्शनरी या पेपरला चालत नाही, इतर काही विषयांना चालते म्हणून गैरसमज होतो.

ग्रेड ९ ते १, ९ सगळ्यात वरचा. ४ म्हणजे स्टँडर्ड पास, ५ स्ट्राँग पास. बऱ्याच सिक्स्थ फॉर्मना (इथली अकरावी-बारावी) ५ तरी लागतो आणि सायन्सला जायचं असलं तरी इंग्लिशचा ग्रेड बघतातच. ४ च्या खाली आला तर सोळाव्या वर्षानंतरही कॉलेजात ए लेव्हल (बारावीच्या तोडीची परीक्षा) वगैरेच्या जोडीने इंग्लिश चालू ठेवावं लागतं. पुन्हा बसायची पहिली संधी नोव्हेंबरमध्ये. निकाल ऑगस्टमध्ये गुरुवारी लागतो, त्या आठवड्यात भारताची तिकिटं काढू नका, कारण कॉलेजची ॲडमिशन आणि रीचेकिंग दोन्हींची धावपळ तेव्हाच असते आणि रीचेकिंगचा अर्ज शाळेमार्फतच जातो.