पालेभाजी काढताना आणि साठवताना या चुका टाळा

उन्हाळ्याच्या तोंडावरचे दोन-तीन आठवडे पालेभाजीच्या वाफ्यात फार घाईचे असतात. इतके दिवस सावकाश वाढणारा पालक भराभर पानं टाकायला लागतो, कोथिंबीर दाटते, लेट्यूसचे गड्डे भरतात आणि आठवडाभर खाऊनही उरेल इतकी भाजी एकाच दिवशी काढायला येते. मग ती घाईघाईने कापली जाते, पिशव्या फ्रिजमध्ये कोंबल्या जातात आणि चौथ्या दिवशी तळाशी काळपट, बुळबुळीत लगदा हाती लागतो. पाणी घालून, किडी वेचून वाढवलेली भाजी अशी फेकताना जीव हळहळतो.

हे नुकसान बहुतेक वेळा एकच गोष्ट विसरल्यामुळे होतं. कापलेलं पान जिवंत असतं. ते श्वास घेतं, स्वतःतली साखर जाळतं, उष्णता बाहेर टाकतं आणि पाणी गमावत राहतं. मुळांकडून येणारी रसद तेवढी तुटलेली असते. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढलं की हा श्वास साधारण दुप्पट ते तिप्पट वेगाने चालतो, आणि पालकासारख्या कोवळ्या पानाचा वेग मुळातच बटाट्या-कांद्याच्या कितीतरी पुढे असतो. हे एकदा लक्षात घेतलं की पुढच्या चुका का होतात ते आपोआप कळतं.

अजून चार दिवस वाढू दे, ही आशा

सर्वांत जास्त भाजी या आशेपायी जाते. दिवस साधारण 13-14 तासांहून मोठा झाला की पालकाला फुलावर येण्याचा इशारा मिळतो, आणि उष्णता त्या घाईत भर घालते. जिथे दिवसाची लांबी फारशी बदलत नाही तिथे एकटी उष्णताही पुरते. लेट्यूस आणि कोथिंबीर तर ऊन तापलं की थांबतच नाहीत. झाडाने एकदा तुरा काढायचं ठरवलं की पानांतला रस बियांकडे वळतो. पानं निबर होतात, लेट्यूसमध्ये पांढरा चीक वाढतो आणि तो कडू असतो.

खुणा आधीच दिसतात, फक्त रोज वाफ्यात डोकावायला हवं. रोपाचा मधला भाग वर उचलला जातो, पालकाची नवी पानं अरुंद आणि टोकदार येतात, कोथिंबिरीची पानं शेपूसारखी बारीक चिरलेली दिसतात. असं दिसलं की उद्यावर न टाकता त्याच दिवशी सगळं काढून घ्या. तुरा खुडल्याने फार तर थोडे दिवस मिळतात, चव परत येत नाही. कडू झालेलं लेट्यूस बर्फाच्या पाण्यात ठेवलं तर पुन्हा कुरकुरीत होतं, पण कडूपणा तसाच राहतो.

कोथिंबिरीची चार-सहा झाडं मात्र मी मुद्दाम फुलू देते. त्या फुलांवर मधमाश्या आणि किडी खाणारे छोटे कीटक येतात, पुढे धणेही मिळतात. माठ, राजगिरा, मायाळू या भाज्यांना ऊन मानवतं, त्यामुळे त्यांची इतकी घाई नसते. फक्त देठ निबर होण्याआधी शेंडे खुडत राहायचं. आणि सगळी भाजी एकदम अंगावर यायला नको असेल, तर पुढच्या वेळी एकाच दिवशी सगळं बी न टाकता दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडं थोडं पेरा.

भर उन्हात कापणी

दुपारी कापलेलं पान आधीच तहानलेलं आणि तापलेलं असतं. सकाळी लवकर, दंव सुकल्यावर पण ऊन चढण्याआधी कापा. रात्रभरात पानांत पाणी भरलेलं असतं आणि माती-हवाही थंड असते. आदल्या संध्याकाळी मुळाशी पाणी दिलेलं असेल तर आणखी चांगलं. सकाळ जमलीच नाही तर ऊन कलल्यावर कापा, पण कापल्यावर लगेच गार करा.

कापलेली भाजी वाफ्याच्या कडेला उन्हात पडून राहते, तिथेही नुकसान होतं. एकदा मी पालकाची टोपली दाबून भरली आणि बाकीची कामं उरकायला गेले. तासाभराने टोपलीच्या मध्यात हात घातला तर आतली पानं बाहेरच्या हवेपेक्षा गरम लागली. दाबलेल्या ढिगात पानांची स्वतःची उष्णता कोंडते आणि श्वास आणखी वेग घेतो. तेव्हापासून पसरट टोपली घेते, सैल भरते, वर ओलसर फडकं टाकते आणि मधेच एक फेरी घरात घालून भाजी थंड पाण्यात टाकून येते.

कापताना किती घ्यायचं, यातही चूक होते. पालक, चार्ड, केल यांची बाहेरची पानं घ्यायची, मधला कोंब शाबूत ठेवायचा आणि एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. दाट पेरलेल्या कोवळ्या पानांचा पट्टा कात्रीने जमिनीपासून 3 ते 5 सेंटिमीटरवर कापला तर तो पुन्हा फुटतो, पण कोंबाच्या खाली कात्री गेली की संपलं. हाताने ओढू नका, मुळं हलतात. हंगाम संपतच आला असेल तर हा हिशेब सोडा आणि सरळ उपटा.

धुऊन ओलीच पिशवीत भरणं

पानाला दमट हवा हवी असते, अंगावर पाणी नको असतं. हा फरक कळला की फ्रिजमधली अर्धी तक्रार मिटते. भोवतालच्या हवेत 95 टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर पान कोमेजत नाही. पण पानावर थेंब राहिले, देठांच्या जुडीत पाणी साचलं, की तिथूनच सड सुरू होते.

म्हणून एकतर न धुता ठेवा आणि लागेल तशी धुवा, किंवा धुतली तर नीट कोरडी करा. धुताना रुंद भांडं पाण्याने भरून पानं त्यात हलवा आणि हाताने वर उचलून घ्या. भांडंच चाळणीत उपडं केलं तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. तळाशी वाळू दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला. साबण, ब्लीच अजिबात नको, पान ते शोषून घेतं. नंतर सुती पंचावर पसरा किंवा पंचात गुंडाळून हलकेच झटका. कच्च्या खायच्या पानांबाबत आणखी एक सांगते: वाफ्यात न कुजलेलं ताजं शेणखत घातलं असेल, तर खत घातल्यापासून कापणीपर्यंत किमान 120 दिवस जाऊ द्या. त्यातले जंतू नुसत्या धुण्याने पूर्ण जात नाहीत.

ठेवण्यापूर्वी पिवळी, चिरडलेली, किडलेली पानं निवडून काढा, जुडीचा दोरा किंवा रबर सोडा. पिशवीत एक कोरडं सुती फडकं घाला, पिशवी गच्च बांधू नका. सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो शेजारी नकोत. त्यांच्यातून निघणारा इथिलीन वायू हिरव्या पानांना पिवळं करतो. शून्य अंशाच्या आसपास पालक दहा ते चौदा दिवस टिकतो. घरच्या फ्रिजमध्ये तेवढी थंडी नसते, त्यामुळे आठवडाभराचा हिशेब धरा. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेली पानं मात्र गोठून काचेसारखी होतात, तिकडे ठेवू नका. कोथिंबीर आणि पुदिना पाण्याच्या ग्लासात देठ बुडवून, वर सैल पिशवी घालून फ्रिजमध्ये ठेवा. बेसिल तुळशीला थंडी सोसत नाही, 10 अंशांच्या खाली ती काळी पडते. तिचा ग्लास ओट्यावरच बरा.

कच्चंच फ्रीझरमध्ये टाकणं

गोठवल्याने पानातली विकरं (एन्झाइम, म्हणजे पानातले रासायनिक बदल घडवणारी द्रव्यं) मरत नाहीत, मंदावतात. ती महिनोन् महिने सावकाश काम करत राहतात आणि मग गोठवलेल्या पालकाला सुक्या गवतासारखा वास येतो, रंग शेवाळी होतो, चव उतरते. त्यासाठीच आधी उकळत्या पाण्यातून काढायचं, म्हणजे ब्लांचिंग करायचं. अर्धवट ब्लांचिंग तर काहीच न करण्यापेक्षा वाईट, कारण थोड्या उष्णतेने विकरं मरत नाहीत, उलट जास्त जोमाने काम करतात.

पालक, माठ, चार्ड, मोहरीची पानं यांना 2 मिनिटं, जाड पानांच्या कोलार्डला 3 मिनिटं. समुद्रसपाटीपासून 1500 मीटरहून उंचावर राहत असाल तर एक मिनिट जास्त, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. सगळी गंमत पाण्याच्या प्रमाणात आहे. अर्धा किलो पानांना साधारण 8 लिटर खळखळतं पाणी लागतं. पानं टाकल्यावर मिनिटाभरात पुन्हा उकळी यायला हवी. तिथून वेळ मोजायची. उकळी यायला जास्त वेळ लागला तर पानं जास्त आहेत, पुढचा घाणा लहान घ्या. रंग टिकावा म्हणून सोडा घालू नका. हिरवेपणा टिकतो खरा, पण पान लिबलिबीत होतं आणि क जीवनसत्त्व जातं.

वेळ झाली की लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि जितका वेळ उकळलं तितकाच वेळ तिथेही. इथे आळस केला तर पान आतल्या आत शिजत राहतं. मग मुठीत घेऊन नीट पिळा. पाणी राहिलं तर बर्फाचे मोठे खडे होतात, ते पेशी फाडतात आणि वितळल्यावर भाजी पाणचट लागते. एका वेळी लागेल तेवढेच गोळे करा, ताटात सुटे गोठवा, मग पिशवीत भरून हवा काढा आणि तारीख लिहा. उणे 18 अंशांवर आठ ते बारा महिने चव चांगली राहते. लेट्यूसमध्ये 95 टक्के पाणी असतं, ते गोठवूच नका. लेट्यूस जास्त झालं तर शेजाऱ्यांना द्या, तेही त्याच दिवशी.

कडक उन्हात वाळवणं

थेट उन्हात पानं लवकर वाळतात, पण हिरवा रंग आणि अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते कॅरोटीन दोन्ही विटतात. सावलीत, वारा खेळता ठेवून, जाळीवर एकेरी थर पसरा. यंत्र वापरत असाल तर सुगंधी पानांना 35 ते 45 अंश पुरे. 1 किलो पालकातून जेमतेम 100 ग्रॅम कोरडी पानं निघतात, इतकं पाणी जायचं असतं. पान चुरडल्यावर कुरकुरलं आणि देठही वाकण्याऐवजी मोडला, तरच वाळलं समजा. बहुतेक वेळा देठच फसवतो. पानं कुरकुरीत होतात, देठात ओल राहते आणि पंधरा दिवसांत बरणीतून कुबट वास येतो. म्हणून देठ वेगळे वाळवा. भरल्यानंतर आठवडाभर रोज बरणी हलवून बघा. काचेवर आतून बाष्प दिसलं तर सगळं पुन्हा पसरा.

तेलात बुडवून किंवा बाटलीत उकळून ठेवणं

बाकीच्या चुकांत भाजी वाया जाते. इथे जिवाला धोका आहे, म्हणून हा भाग कृपा करून घाईत वाचू नका. पालेभाज्या आंबट नसतात. आंबटपणा पीएच या मापाने मोजतात, आकडा जितका कमी तितकं आंबट. पालकाचा पीएच साधारण 5.5 ते 6.8 असतो. 4.6 च्या वर, हवा नसलेल्या जागी बोट्युलिनम जिवाणू विष तयार करू शकतो, आणि त्या विषाला वास, रंग, चव काहीच नसू शकतं. त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपं, 100 अंशाच्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली 116 ते 121 अंश लागतात आणि त्याचं खास उपकरण व तपासलेली वेळ लागते. बरणीत भाजी भरून पातेल्यात उकळणं म्हणजे झाकण घट्ट लावून त्या जिवाणूला हवी तशी जागा करून देणं.

पानं किंवा पानांची चटणी तेलाखाली झाकून ओट्यावर ठेवणंही तसंच. तेल हवा अडवतं, जंतू अडवत नाही. असं काही केलं तर फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा, नाहीतर छोट्या साच्यांत गोठवा. फुगलेली बाटली, उघडताना फसफसणारं झाकण असं काही दिसलं तर चाखून बघू नका, सरळ टाकून द्या.

मिठात आंबवताना

मोहरीची पानं, केल यांसारख्या जाड पानांना हा मार्ग चांगला. कोवळा पालक यात विरघळून जातो. पानांच्या वजनाच्या 2 ते 2.5 टक्के मीठ लागतं, तेही अंदाजाने न घालता तोलून. मीठ कमी पडलं तर आंबवणाऱ्या जिवाणूंच्या आधी सडवणारे पुढे जातात. पानं चोळून सुटलेल्या पाण्याखाली दाबून ठेवा आणि वर स्वच्छ वजन ठेवा. वर तरंगणारं एखादं पानच बुरशीला पुरतं. पृष्ठभागावर पातळ, पांढरा, सपाट पापुद्रा आला तर तो बहुधा यीस्टचा असतो आणि काढून टाकता येतो. केसाळ, हिरवट, काळा किंवा गुलाबी थर दिसला तर वरचा भाग काढून उरलेलं वाचवायला जाऊ नका, सगळी बरणी रिकामी करा.