पाठवण्याआधी चार वाचनं: ऑनलाइन मराठी नीट लिहिण्यासाठी

लिहिताना शुद्धलेखनाकडे बघू नका, मजकूर आधी पुरा होऊ द्या. मग वाचा, पण सगळ्या चुका एका दमात शोधायला जाऊ नका. नजर अर्थात गुंतते आणि अनुस्वार निसटतात. एका वाचनात एकाच जातीची चूक शोधायची.

पहिलं वाचन मोकळ्या जागांसाठी. मोबाइलवर सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप जागा सुटते आणि 'लोकां साठी', 'घरा समोर', 'माझ्या कडे' असं तुटकं लिहिलं जातं. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचं: लोकांसाठी, घरासमोर, माझ्याकडे.

दुसरं वाचन अनुस्वारांसाठी. 'त्याने सांगितलं' म्हणजे एकाने. 'त्यांनी सांगितलं' म्हणजे अनेकांनी, किंवा आदराने उल्लेख केलेल्या एकाने. 'त्यानी' हे प्रमाण लेखनातलं कुठलंच रूप नाही. वाचणाऱ्याने एकवचन धरायचं की अनेकवचन? 'लोकाना', 'मुलानी', 'सरानी' यांचंही तेच. अनेकवचनी आणि आदरार्थी सामान्यरूपावर, म्हणजे प्रत्ययाआधी बदललेल्या रूपावर, अनुस्वार हवाच. दुसरी जागा बोलीतल्या रूपांची. 'मी अस केल' नव्हे, 'मी असं केलं'. 'असे केले' लिहिणार असाल तर अनुस्वार नको, पण मग शेवटपर्यंत तेच ठेवा. एका ओळीत 'केले' आणि पुढच्या ओळीत 'झालं' ही सरमिसळ वाईट दिसते.

तिसरं वाचन ऱ्हस्व-दीर्घाचं. इथे बहुतेक जण अडतात आणि सर्वांत वाईट सल्लाही इथेच मिळतो: 'मोठ्याने म्हणून बघा, लांब वाटलं तर दीर्घ.' भरभर बोलताना 'की' आखूडच निघते, लिहायची मात्र दीर्घ. कानावर विसंबू नका, अक्षराची जागा बघा.

आधी शब्दाचं शेवटचं अक्षर. तिथला इकार-उकार दीर्घ: की, मी, तू, कवी, वस्तू, व्यक्ती. 'आणि' व 'नि' हे दोन शब्द ऱ्हस्व, तसंच परंतु, तथापि यांसारखी संस्कृतातून आलेली अव्ययं ऱ्हस्व. संस्कृतात मूळचा ऱ्हस्व असलेला शब्द समासात पहिला आला की पुन्हा ऱ्हस्व होतो: व्यक्ती पण व्यक्तिगत, वस्तू पण वस्तुस्थिती, गुरू पण गुरुवार.

आता शेवटून दुसरं अक्षर, खरी डोकेदुखी. मराठी शब्द अकारान्त, म्हणजे शेवटी नुसता 'अ' असलेला, असेल तर हे अक्षर दीर्घ: मीठ, सूप, दूध, जमीन, गरीब. प्रत्ययासाठी शब्दाचं रूप बदललं की तेच ऱ्हस्व होतं: मिठात, सुपात, दुधात, जमिनीत, गरिबाला. 'दूधात' किंवा 'जमीनीत' चूकच. इथवर सोपं आहे. गोची तत्सम शब्दांची, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांची, कारण ते आपलं मूळ सोडत नाहीत. रूप–रूपात, शरीर–शरीरात, गीत–गीतात. म्हणून कणीक मळताना पाणी पिठात घालायचं, पण शिकायला जायचं ते विद्यापीठात. दळलेलं पीठ मराठी, विद्यापीठातलं पीठ संस्कृत.

उलट बाजूनेही हेच. 'दिन' म्हणजे दिवस, तत्सम आणि मुळातच ऱ्हस्व, म्हणून ऱ्हस्वच. 'दीन' म्हणजे केविलवाणा. 'वर्धापन दीन' लिहून संस्थेच्या वाढदिवसाला तिला केविलवाणी ठरवू नका. चुकांखाली लाल रेघ ओढणारी सोय इथे वाचवणार नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

तत्सम शब्द पाठ करत बसण्यापेक्षा फोडून बघा. परि + ईक्षा म्हणून परीक्षा, प्रति + ईक्षा म्हणून प्रतीक्षा. परिणाम, परिस्थिती, प्रतिक्रिया यांत ती 'ई' नाही, म्हणून ऱ्हस्व. प्रत्ययही ओळखता येतात: सामाजिक, आर्थिक यांतला 'इक' नेहमी ऱ्हस्व; भारतीय, राष्ट्रीय यांतला 'ईय' नेहमी दीर्घ. एवढं करूनही अडलात तर अंदाज करू नका, शब्दकोश उघडा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ सालचे १४ आणि १९७२ साली जोडलेले ४ असे एकूण १८ नियम आहेत. एका बैठकीत वाचून होतात. ते वाचायचा कंटाळा करू नये.

चौथं वाचन हट्टी शब्दांचं. 'त्व' काढून बघा: महत् + त्व, तत् + त्व, व्यक्तिमत् + त्व, म्हणून महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व यांत दोन त. नेतृ + त्व आणि अस्ति + त्व यांत एकच. रफार पुढच्या अक्षरावर येतो. आ-शीर्-वाद असं तोडून म्हणा, म्हणजे रफार 'वा'वर जाईल आणि 'आर्शिवाद' होणार नाही. 'दुसर्‍या', 'वार्‍याने' यांसाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ लागतो. भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबली की तो मिळतो. साधा र वापरला तर अर्थ पालटतो: आचार्यांना म्हणजे गुरूंना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना.

याच फेरीत 'मी त्याला बोललो' दिसलं तर 'त्याला म्हणालो' किंवा 'त्याच्याशी बोललो' करा, आणि 'माझी मदत कर' असेल तिथे 'मला मदत कर'. 'दुःख', 'स्वतः' यांतला विसर्ग मराठी कळफलकावरचाच घ्या. त्याच्या जागी कोलन टाकला तर दिसायला तसंच दिसतं, पण पुढे कुणी तो शब्द शोधला तर सापडेलच असं नाही.