कोकणातून कॅनडात येताय? अंगाला लागणारा कपडा आधी बघा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून पहिल्यांदा इकडे येणाऱ्यांची बॅग उघडली की वर कोकम, कुळथाचं पीठ, फणसपोळी आणि तळाशी मुंबईत घेतलेली चार-पाच थर्मलं. कोकम उत्तम. थर्मलच्या लेबलावर कॉटन किंवा व्हिस्कोस असेल, तर ते रात्री झोपताना घाला, बाहेर नको.

उणे वीसमध्ये माणूस गारठतो तो पुष्कळदा स्वतःच्याच घामाने. जाड जॅकेट घालून बस गाठायला धावायचं, आत हीटर धगधगत असतो (या देशात घरं आणि बसगाड्या तापवण्याचा अतिरेकच आहे), तिथे घाम फुटतो, आणि तसंच ओल्या अंगाने पुन्हा बाहेर. सुती गंजी घाम पिऊन ओलीच राहते आणि अंगातली ऊब ओढून घेते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ तंतूच्या आत घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. म्हणून मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची बारीक तंतूची लोकर, आणि तीही थेट कातडीला लागून. आत बनियन घातलंत तर पैसे पाण्यात. दर हिवाळ्यात हे सांगावं लागतं आणि दर हिवाळ्यात आत बनियन सापडतंच.

‘लोकर टोचते’ ही भीती घोंगडीमुळे. घोंगडीचा तंतू जाड. साधारण तीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचं टोक कातडीला बोचतं. मेरिनोच्या आतल्या कपड्यात तो सतरा ते साडेएकोणीस मायक्रॉनचा असतो. कातडी नाजूक असेल तर साडेसतराच्या आसपासचं शोधा. दुसरा आकडा कापडाच्या वजनाचा, दर चौरस मीटरला किती ग्रॅम: 150 शरद ऋतूला आणि ऑफिसला, 200 रोजच्या हिवाळ्याला, 250 बस थांब्यावर उभं राहणाऱ्यांना. सुरुवातीला 200 चे दोन टॉप, 250 ची एक लेगिंग आणि मोज्यांचे तीन जोड पुरे. साडीच्या आत लेगिंग सहज खपते. माप अंगाला चिकटून हवं. ‘वाढत्या अंगाचं’ घेतलंत तर मधल्या पोकळीत गार हवा खेळते.

लेबल पूर्ण वाचा. पुढे ठळक ‘मेरिनो’ आणि शिवणीतल्या चिठ्ठीवर वीस टक्के लोकर, बाकी अॅक्रिलिक, हा प्रकार सर्रास चालतो. दहा-पंधरा टक्के नायलॉन असेल तर हरकत नाही, पातळ कापड त्याने जास्त टिकतं. चांगला टॉप शंभर डॉलरच्या आसपास पडतो. आपली मंडळी इथे दचकतात आणि त्याच आठवड्यात गोठवलेल्या पापलेटला मागतील तेवढे मोजतात. घाई नसेल तर हिवाळा उतरताना, फेब्रुवारी-मार्चच्या सेलमध्ये घ्या.

आता जी चूक सगळ्यांना महागात पडते ती. गरम पाणी आणि ड्रायर. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ऊष्मा, घुसळण आणि क्षारयुक्त साबण एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात, कापड आटून नमद्यासारखं घट्ट होतं आणि पुन्हा कधीच सैल होत नाही. शंभर डॉलरचा टॉप पाच वर्षांच्या पोराच्या मापाचा. ‘मशीन वॉशेबल’ लिहिलेल्या कापडाचे खवले प्रक्रियेने झाकलेले असतात, ते धुण्यात वाचतं. ड्रायरचा भरवसा तरीही धरू नका. तळघरातल्या सामायिक मशीनमध्ये मधे खांब फिरत असेल तर ते लोकरीसाठी नाहीच. तिथे बादली: कोमट पाणी, लोकरीचा द्रव साबण, दहा मिनिटं भिजत, हलकेच दाबून दोनदा खळबळणं. चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आडवं पसरून वाळवा. हँगरवर ओल्या वजनाने लांबतं, रेडिएटरवर कडक होतं. समोरून दार उघडणाऱ्या मशीनमध्ये कपडा उलटा करून जाळीच्या पिशवीत, थंड पाणी, लोकरीचं चक्र.

नेहमीची डाग काढणारी पावडर नको. तिच्यातलं एन्झाइम प्रथिनं खातं, आणि लोकर म्हणजे प्रथिनच. ब्लीच तर लोकर विरघळवतं. फॅब्रिक सॉफ्टनरही नको.

रोज धुवायची गरजच नाही. रात्री खुर्चीवर हवेशीर टाका, चार-पाच दिवस आरामात निघतात. बांगडे तळताना मात्र अंगात ठेवू नका.

उन्हाळ्यात ठेवताना धुऊन, पूर्ण सुकवून, बंद पिशवीत. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी जाते. भोकं दिसली तर पिशवी हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये, मग झटकून धुणं.

गणपतीला गावी जाताना विमानातल्या गारठ्यापुरता एक जोड पुरतो. तो गावच्या ट्रंकेत ठेवून येऊ नका. भाद्रपदातल्या दमटपणात बुरशी धरते आणि डांबराच्या गोळ्या बुरशीला आवरत नाहीत. तिथे धुवायची वेळ आलीच तर स्वतः धुवा, नाहीतर धोंड्यावर वडीच्या साबणाने आपटला जाईल. रिठ्याचं पाणी चालतं. वाळायला दोन दिवस धरा, चटईवर पसरून पंख्याखाली.