सॉकेटची तीच सूचना पुन्हा पुन्हा येतेय? या चुका टाळा

सर्व्हरवर कोणी काही पाठवत नाही, तरी एक कोअर १०० टक्क्यांवर अडकलाय. लॉग उघडावा तर एकाच सॉकेटची ‘तयार’ अशी सूचना धबाधब येतेय. अशा वेळी पहिला संशय कर्नलवर घेतला जातो आणि तो जवळपास नेहमीच खोटा ठरतो. ईपोल ही लिनक्सची अनेक सॉकेटांवर (नेटवर्क जोडणीच्या टोकांवर) एकदम नजर ठेवणारी सोय; वेगळं काही सांगितलं नाही तर, तो लेव्हल-ट्रिगर्ड चालतो. सॉकेटची स्थिती जोवर बदलत नाही तोवर प्रत्येक ईपोल वेटला (सूचनेची वाट पाहणाऱ्या कॉलला) तो तीच सूचना देणार. तेव्हा कुठली स्थिती आपण तशीच सोडून दिली आहे, ते शोधायचं.

कोड चाळत बसण्याआधी चालू प्रोसेसला एसट्रेस (तिचे कर्नलला जाणारे कॉल दाखवणारं साधन) लावा आणि ईपोल वेटच्या लगेच नंतर कुठला कॉल येतो ते पाहा. रीड येऊन शून्य देतोय, एक्सेप्ट (नवं कनेक्शन घेणारा कॉल) चूक देतोय, की काहीच न होता पुन्हा वेट? निम्मं निदान इथेच होतं.

काहीच न होता वेट फिरत असेल, तर बहुतेक वेळा सॉकेट नोंदवताना वाचणं आणि लिहिणं दोन्हींची सूचना मागून ठेवलेली असते. पाठवायच्या बफरमध्ये जागा जवळजवळ कायमच असते, म्हणजे सॉकेट लिहायला कायम तयार, म्हणजे लूपला क्षणाची उसंत नाही. आधी सरळ राइट करून पाहा. त्याने ईअगेन (‘आत्ता जमत नाही, नंतर या’) दिलं, तरच ईपोल-आउट, म्हणजे लिहिण्याची सूचना, मागा, आणि उरलेला मजकूर गेला की ती मागणी काढून टाका. हे काढायचंच बहुतेकजण विसरतात.

रीड शून्य देत असेल तर समोरच्याने आपली बाजू बंद केली आहे. शून्य ही चूक नव्हे, त्यामुळे ‘शून्यापेक्षा जास्त आलं तर प्रक्रिया करा, उणे आलं तर चूक नोंदवा’ अशा कोडमधून ते अलगद निसटतं आणि ईपोल-इन, म्हणजे वाचण्याची सूचना, येतच राहतं. सॉकेटांची यादी देणाऱ्या एसएस कमांडमध्ये ही सॉकेट क्लोज-वेट अवस्थेत (समोरच्याने बंद केलं, आपण अजून नाही) साचलेली दिसतात. शून्य आलं की क्लोज करा. तुमच्या बाजूने अजून काही पाठवायचं असेल, तर निदान ईपोल-इनची मागणी काढा. पण सगळ्या मागण्या काढून सूचना गप्प करता येईल असं समजू नका: ईपोल-हप (कनेक्शन तुटलं) आणि ईपोल-एरर (चूक झाली) या सूचना न मागताही येतात. हप दिसल्या दिसल्या क्लोज करण्याचीही घाई नको, बफरमध्ये शेवटचा मजकूर पडलेला असू शकतो. तो संपेपर्यंत वाचा, मग बंद करा.

एक्सेप्टची गोष्ट जास्त वाईट, कारण ती चाचणीत दिसत नाही, ऐन गर्दीत उगवते. प्रोसेसची फाइल डिस्क्रिप्टरची (उघड्या फाइल-सॉकेटांना मिळणाऱ्या क्रमांकांची) मर्यादा संपली की एक्सेप्ट ईएमफाइल ही चूक देतो, पण आलेलं कनेक्शन रांगेतच राहतं. म्हणून ऐकणारं सॉकेट तयारच राहतं आणि लूप गरगरत सुटतो. अनेक लिनक्स यंत्रांवर ही मर्यादा सुरुवातीला १०२४ असते. ती वाढवून दुखणं फक्त पुढे ढकललं जातं. जुनी आणि चांगली युक्ती अशी: सुरुवातीलाच एक डिस्क्रिप्टर डेव्ह-नलवर (लिनक्सच्या रिकाम्या फाइलवर) उघडून राखून ठेवा. ईएमफाइल आलं की तो बंद करा, मोकळ्या जागी कनेक्शन घ्या, लगेच बंद करा आणि राखीव डिस्क्रिप्टर पुन्हा उघडा. अनेक थ्रेड असतील तर मधल्या क्षणी ती जागा दुसराच पटकावू शकतो. तिथे ऐकणारं सॉकेट थोडा वेळ ईपोलमधून काढणं बरं.

सॉकेट बंद केलं तरी त्याची सूचना येतेय? मग कोडमध्ये फोर्क (चाइल्ड प्रोसेस काढणारा कॉल) किंवा डुप (डिस्क्रिप्टरची प्रत काढणारा कॉल) शोधा. ईपोल नोंद ठेवतो ती आतल्या उघड्या फाइलची. तिची एखादी प्रत चाइल्ड प्रोसेसकडे जिवंत असली की नोंदही जिवंत. आणि तुमच्याकडचा क्रमांक बंद झाल्यावर ती नोंद काढायला गेलात तर ईबॅडएफ, म्हणजे ‘असा डिस्क्रिप्टर नाही’ ही चूक. म्हणून आधी ईपोलमधून काढा, मगच क्लोज करा. सॉकेट उघडताना क्लोज-ऑन-एक्झेकचा झेंडाही लावा, म्हणजे चाइल्डने एक्झेक करताच (दुसरा प्रोग्रॅम चालवायला घेताच) त्याच्याकडची प्रत मिटते.

टायमर-एफडी आणि इव्हेंट-एफडीसाठी (वेळ झाल्याची किंवा प्रोग्रॅममधल्या घटनेची सूचना देणारे डिस्क्रिप्टर) फार सांगण्यासारखं नाही: सूचना आली की ८ बाइट वाचून टाका. नुसती दखल घेऊन पुढे गेलात तर ते तयारच राहतात.

या सगळ्यावर रामबाण म्हणून ईपोल एज-ट्रिगर्ड (स्थिती बदलली तरच सूचना) करून टाकण्याचा मोह होतो. माझ्या मते ही सर्वांत महाग चूक. आवाज थांबतो खरा, पण ईअगेन येईपर्यंत वाचलं नाही तर उरलेला मजकूर तसाच पडून राहतो आणि कनेक्शन मुकाट्याने लटकतं. कोअर तापलेला निदान दिसतो, लटकलेलं कनेक्शन ग्राहकाच्या तक्रारीतूनच कळतं. शिवाय तिथेही सूचना एकदाच येईल याची हमी नाही. मजकूर तुकड्यातुकड्याने आला तर प्रत्येक तुकड्याला नवी सूचना येऊ शकते आणि दोन थ्रेड एकाच सॉकेटवर तुटून पडतात. त्यासाठी ईपोल-वनशॉट (एका सूचनेनंतर नोंद झोपवणारा झेंडा) लावा आणि काम उरकल्यावर मॉडने (नोंद बदलण्याच्या ईपोल आज्ञेने) ती पुन्हा जागी करा. एकाच ऐकणाऱ्या सॉकेटवर अनेक प्रोसेस उगाच जाग्या होत असतील, तर त्या सगळ्यांना एकदम न उठवणारा ईपोल-एक्सक्लूसिव्ह झेंडा कर्नल ४.५ पासून आहे.

विंडोजवर डब्ल्यूएसए-असिंक-सिलेक्ट (सॉकेटच्या सूचना विंडो-संदेश म्हणून देणारी सोय) वापरणाऱ्यांनी मात्र हे नियम तसेच उचलू नयेत. तिथे रिसीव्हनंतर मजकूर उरला असेल तर नवा एफडी-रीड (वाचायला मजकूर आहे) संदेश टाकला जातो. त्यामुळे एका संदेशावर अनेकदा रिसीव्ह केलं, की मागून रिकामे संदेश येतात आणि त्यांवर रिसीव्ह वुड-ब्लॉक (विंडोजचं ईअगेन) देतो. एका संदेशाला एकच रिसीव्ह करा, किंवा वुड-ब्लॉक आलं तर ते निमूट सोडून द्या.