लस अपुरी म्हणून शाळेने घरी बसवलं, तर हजेरीचं काय?

भारतातून अमेरिकेत नव्याने आलेल्या घरांत हा गोंधळ हमखास होतो. मूल शाळेत जायला लागतं आणि ऑफिसातून पत्र येतं: लसीकरण अपुरं आहे, अमुक तारखेपासून पाठवू नका. पालक डॉक्टरकडे धावतात, ते योग्यच. पण तोवर हजेरीपटावर रोज खाडा पडत असतो आणि तिकडे कोणाचं लक्ष नसतं.

सगळे खाडे सारखे नसतात. लस टोचून घ्यायला गेलात तो खाडा डॉक्टरच्या भेटीत मोडतो आणि बहुतेक ठिकाणी माफ होतो. दवाखान्यातून वेळ लिहिलेली चिठ्ठी घ्या आणि मूल बरं असेल तर उरलेल्या तासांना शाळेत पोचवा. गोवरासारखी साथ आल्यावर लस न घेतलेल्या मुलांना शेवटच्या संपर्कापासून 21 दिवस घरी ठेवतात. कॅलिफोर्नियात आरोग्य अधिकाऱ्याच्या आदेशाने झालेलं असं विलगीकरण कायद्यानेच माफ आहे.

अडचण तिसऱ्या प्रकाराची. कागद किंवा डोस अपुरे म्हणून शाळेनेच घरी पाठवलं, तर ते दिवस कसे नोंदवायचे हे राज्य आणि डिस्ट्रिक्टप्रमाणे (शाळांचा स्थानिक कारभार बघणारी संस्था) बदलतं. 'शाळेनेच पाठवलंय, म्हणजे माफच असणार' असं गृहीत धरू नका. कॅलिफोर्नियात वर्षात तीन पूर्ण दिवस मान्य कारणाविना गैरहजर राहिलेलं मूल 'ट्रुअंट', म्हणजे शाळा बुडवणारं, ठरतं. शिवाय 'क्रॉनिक', म्हणजे वारंवारच्या, गैरहजेरीच्या हिशेबात माफ खाडेही धरतात: 180 दिवसांच्या वर्षात 10 टक्के, म्हणजे 18 दिवस बुडाले की मूल त्यात मोडतं.

म्हणून पत्र आलं त्याच दिवशी शाळेला ईमेल करा, फोनवर भागवू नका. मुलाचं नाव, इयत्ता, पत्राची तारीख, डॉक्टरची अपॉइंटमेंट कधी आहे ते लिहा आणि तीन गोष्टी विचारा: नेमका कोणता डोस कमी आहे, या दिवसांची नोंद कोणत्या कोडखाली (माफ की बिनमाफ) होणार, आणि घरचा अभ्यास कुठून मिळेल. पुढे नोंद चुकली तर दाद मागायला हाच ईमेल कामी येतो.

मुदतही बघा. कॅलिफोर्नियात थकलेल्या डोसची सूचना मिळाल्यापासून शाळेचे 10 दिवस मिळतात. न्यूयॉर्कमध्ये पुराव्याविना 14 दिवस शाळेत बसता येतं, आणि दुसऱ्या देशातून आलेल्या मुलाचे पालक मनापासून खटपट करत असतील तर 30 दिवसांपर्यंत. तिथे प्रत्येक लसीचा किमान पहिला डोस झाला असेल आणि पुढच्या अपॉइंटमेंट ठरल्या असतील, तर मूल शाळेत राहू शकतं. म्हणजे सगळे डोस संपायची वाट बघायची गरज नाही. आज देता येतील तेवढे आजच द्या आणि पुढच्या तारखा लेखी घ्या.

आता भारतातलं कार्ड. डोस झालेले असूनही 'अपुरे' का ठरतात, ते इथे कळतं. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिन्यांना देतात. अमेरिकेत 12 महिन्यांआधीचा डोस धरत नाहीत, आणि त्या लसीत गालगुंडाचा भागच नसतो. हिपॅटायटिस बीचा शेवटचा डोस तिकडे 14 आठवड्यांना होतो, इकडे तो 24 आठवड्यांनंतरचा लागतो. तोंडावाटे दिलेला पोलिओचा डोस 1 एप्रिल 2016 किंवा त्यानंतरचा असेल तर तो मोजत नाहीत. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाहीच, त्यामुळे खासगी डॉक्टरकडे घेतली नसेल तर तीही राहिलेली असते.

तारखांनीही घात होतो. 05/08 म्हणजे आपल्याकडे 5 ऑगस्ट, इथे 8 मे. तीन महिन्यांच्या फरकाने डोस 'वयाआधी' दिला असं दिसतं आणि बाद होतो. डॉक्टरकडून सगळ्या तारखा महिना अक्षरांत लिहून घ्या आणि राज्याच्या लसनोंदणीत चढवून घ्या. शाळेला फोटो पाठवण्यापेक्षा ही छापील नोंद लवकर चालते.

घाईत होणारी एक चूक महागात पडते: एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी द्यायची, नाहीतर मध्ये किमान 28 दिवस जाऊ द्यायचे. एमएमआरनंतर पंधरा दिवसांनी कांजिण्यांची दिली, तर ती बाद होते, परत टोचावी लागते आणि घरी बसायचे दिवस वाढतात.

विमा नसेल तर 'व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन' या सरकारी योजनेत 19 वर्षांखालच्या मुलांना लस मोफत मिळते. काउंटीच्या आरोग्य खात्याला विचारा. कायमचं घर नसलेल्या, नातेवाइकांकडे नाइलाजाने राहणाऱ्या मुलांना मॅककिनी-व्हेंटो कायद्याखाली कागद नसले तरी लगेच प्रवेश द्यावा लागतो. अशी परिस्थिती असेल तर डिस्ट्रिक्टच्या त्या कामाच्या अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी गाठा.

मूल परत गेल्यावर आठवड्याभरात हजेरीचा उतारा मागवा आणि प्रत्येक दिवसाचा कोड ईमेलशी ताडून पाहा. चूक असेल तर लेखी दुरुस्ती मागा. न्यूयॉर्कमध्ये शाळेच्या निर्णयाविरुद्ध राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे 30 दिवसांत अपील करता येतं, तेव्हा उत्तराची वाट बघत ती मुदत घालवू नका.