हळू आवाजातल्या सरावासाठी छोटा गिटार अ‍ॅम्प: घेण्याआधीची तयारी

अ‍ॅम्प बघायला निघण्याआधी सराव कोणत्या वेळी आणि किती आवाजात होणार, हे घरीच ठरवा. टीव्हीएवढा आवाज चालत असेल तर स्पीकर नीट पारखून घ्यायचा. पलीकडच्या खोलीत कोणी झोपलेलं असताना वाजवायचं असेल तर हेडफोनचा जॅक सगळ्यात महत्त्वाचा, आणि निवड त्यावरूनच करायची. सॉलिड बॉडीची (भरीव लाकडाची) गिटार अ‍ॅम्पला न जोडताही तारांचा टणटण आवाज करते. अ‍ॅम्प त्याच्यापेक्षा जेमतेम वर राहिला तर कानाला तारच आधी ऐकू येते आणि टोन कळत नाही. हळू सरावालाही आवाजाची एवढी किमान पातळी लागतेच. गिटार पिएझो पिकअपची (ब्रिजखालच्या, कंपनं पकडून सिग्नल देणाऱ्या भागाची) अकूस्टिक असेल तर अकूस्टिकसाठीचाच अ‍ॅम्प बघा. इलेक्ट्रिकच्या अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज उतरवत नेतो, त्यामुळे अकूस्टिक त्यात मिटल्यासारखी वाजते.

आता वॉट. बहुतेकांची निवड इथेच चुकते. वॉट दहापट झाले की आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे १० वॉटचा अ‍ॅम्प १ वॉटच्या अ‍ॅम्पपेक्षा दहापट मोठा वाजत नाही. गिटारचा चांगला स्पीकर १ वॉटवर एक मीटर अंतरावरून ९७ डेसिबलच्या आसपास आवाज देऊ शकतो, आणि खोलीत हा आवाज फार होतो. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. त्या पातळीला असा स्पीकर वॉटच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी शक्ती घेतो. म्हणून ५ वॉटचा ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प ‘छोटा’ म्हणून घेऊ नका. त्याची पॉवर ट्यूब ज्या आवाजाला खुलते (टोन फाटून भरदार होतो), तो आवाज भिंतीपलीकडे जातो, आणि मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा एकूण आवाज कमी करणारा नॉब) नसेल तर घरात फक्त क्लीन (न फाटलेला) टोनच हाती लागतो. शिवाय ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर काढून कधीही चालू करायचा नाही. त्याला भार, म्हणजे जोडलेला स्पीकर लागतो, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. शांत सरावासाठी सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा) किंवा मॉडेलिंग (वेगवेगळ्या टोनची डिजिटल नक्कल करणारा) अ‍ॅम्प जास्त सोयीचा. रोलंड मायक्रो क्यूब जीएक्स ३ वॉटचा आहे आणि त्यात ५ इंची स्पीकर आहे. बॉस कटाना मिनी ७ वॉटचा, ४ इंची. ३ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प छोट्या पिशवीत मावेल असा असतो, पण खालची ई तार त्यावर पातळ वाजते. जागा असेल तर ५ ते ८ इंची स्पीकर बघावा.

अ‍ॅम्प तपासायला जाताना स्वतःची गिटार, तीनेक मीटरची केबल, स्वतःचा हेडफोन आणि ३.५ वरून ६.३५ मिलिमीटरचा कनेक्टर सोबत न्या. तपासणी घरी वाजवणार त्याच आवाजात करा. आवाज कमी झाला की कानाला खर्ज आणि उंच सूर दोन्ही कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यामुळे मोठ्या आवाजात भरदार वाटलेला अ‍ॅम्प घरी फिका वाटू शकतो. सुरुवात व्हॉल्यूम शून्यावर ठेवून करा आणि नॉब १ पर्यंत अगदी हळू फिरवा. आवाज एकदम उसळी मारत असेल तर तो अ‍ॅम्प बाद, कारण घरात तुम्ही नॉबच्या याच पट्ट्यात राहणार. तारा तळहाताने दाबून धरा, गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारा नॉब) वाढवा आणि मागे उरलेला फसफस आवाज ऐका. घूंऽऽ असा आवाज येत असेल तर गिटार अंगासकट थोडी फिरवा. आवाज बदलला तर तो पिकअपने पकडलाय, अ‍ॅम्पचा दोष नाही; सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपला हे होतंच. मग प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून खरखर होते का बघा.

हेडफोनचा जॅक नुसता आहे म्हणून समाधान मानू नका. प्लग लावताच स्पीकर बंद व्हायला हवा आणि ओव्हरड्राइव्ह (मुद्दाम फाटवलेला) टोन कानात माशी घोंघावल्यासारखा लागू नये. तसा लागला तर त्या जॅकवर स्पीकर कॅबिनेटचं (स्पीकरच्या पेटीतून येणाऱ्या आवाजाचं) अनुकरण नाही असं समजा. ब्लूटूथ सोबत गाणं लावायला चालतं. गिटार मात्र ब्लूटूथ हेडफोनवर ऐकू नका, आवाज उशिरा पोचतो आणि ताल सुटतो. म्हणून हेडफोन वायरचाच हवा. गाण्यासाठी ऑक्स जॅक (फोन वायरने जोडायची जागा) असेल तर उत्तम.

वीजपुरवठ्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. अडॅप्टरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, मिलिअँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. प्लगच्या मधल्या टोकाला प्लस आहे की मायनस, हे अ‍ॅम्पवरच्या चिन्हाशी ताडून बघा. उलटं लागलं तर आतलं सर्किट जाऊ शकतं. बॅटरी उतरत आली की क्लीन टोनही फाटू लागतो. तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन घूं थांबवायला म्हणून कधीही काढू नका.

घरी आणल्यावर अ‍ॅम्प जमिनीवर किंवा कोपऱ्यात ठेवू नका, तिथे खर्ज फुगतो आणि लादीतून खाली जातो. स्टुलावर जाड फोम घालून त्यावर ठेवा आणि थोडा मागे कलवा, म्हणजे स्पीकर कानाकडे वळेल आणि कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येईल. मग कुणाला तरी नेहमीच्या आवाजात वाजवायला बसवून शेजारच्या खोलीत दार लावून ऐका. फक्त जाड तारांचा आवाज येत असेल तर व्हॉल्यूम तसाच ठेवून बेसचा नॉब खाली आणा.