रेड १ लावलं तरी मशीन बूट होईना? बूट पार्टिशनच्या या चुका टाळा

दोन डिस्क आहेत, रेड १ लावलंय (म्हणजे दोन्हींवर तोच डेटा), एक उडाली तरी काय फरक पडतो, असं मी पण म्हणायचो. मग एका मित्राच्या दुकानातल्या बिलिंगच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशीनची पहिली डिस्क गेली आणि सकाळी बघतो तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ, बूट डिव्हाइस सापडत नाही. डेटा दुसऱ्या डिस्कवर सुखरूप होता बरं का, पण बूटलोडर, म्हणजे सिस्टम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, मी फक्त पहिलीवर टाकलेला, त्यामुळे गिऱ्हाईक समोर आणि बिलं हाताने.

सगळ्यात कॉमन चूक हीच. जुन्या बायोस (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारं फर्मवेअर) मोडमध्ये ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, पहिला तुकडा डिस्कच्या अगदी सुरुवातीला, पार्टिशनच्या बाहेर बसतो आणि आपण रेड करतो पार्टिशनचं, म्हणजे तो तुकडा दुसरीकडे आपोआप जातच नाही. ग्रब-इन्स्टॉल ही कमांड दोन्ही डिस्कवर चालवा. डेबियनमध्ये ग्रब-पीसी पॅकेज परत कॉन्फिगर केलं की डिस्कची यादी येते, तिथे स्पेसबारने दोन्हींवर टिक करायची, घाईत नुसतं एंटर मारलं तर पहिले पाढे पंचावन्न. बायोस आणि जीपीटी (डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) असं कॉम्बिनेशन असेल तर दोन्ही डिस्कवर १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन पण लागतं, नाहीतर ग्रब बसायलाच नकार देतो.

यूईएफआयची, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरची, गंमत वेगळी. फर्मवेअरला लिनक्सचं रेड कळत नाही, त्याला फक्त फॅट फॉरमॅटचं पार्टिशन दिसतं. एमडीएडीएम (लिनक्समध्ये रेड बनवायची कमांड) बाय डिफॉल्ट मेटाडेटा (रेडची स्वतःची नोंद) १.२ वापरतो, तो सुरुवातीपासून ४ केबीवर बसतो आणि खरा डेटा त्याच्याही पुढे ढकलला जातो, त्यामुळे ईएफआय पार्टिशन (यूईएफआय बूटलोडर शोधतं ते फॅट पार्टिशन) असं रेडमध्ये घातलं की फर्मवेअर आंधळं. १.० घेतला तर मेटाडेटा शेवटी जातो आणि जमतं, बरेच जण तसं करतात पण मला नाही पटत, कारण फर्मवेअरने एकाच डिस्कवर काही लिहिलं तर रेडला पत्ताच लागत नाही आणि दोन कॉप्या वेगळ्या होऊन बसतात. मी सरळ दोन्ही डिस्कवर वेगळी ईएफआय पार्टिशनं ठेवतो, पहिलीतलं सगळं दुसरीत कॉपी करतो आणि ईएफआय बूट मॅनेजरने दुसरीची एंट्री घालतो. उबंटू सर्व्हरच्या इन्स्टॉलरमध्ये दुसरी डिस्क पण बूट डिव्हाइस म्हणून जोडता येते, तो ऑप्शन दिसला तर सोडू नका.

आणि एफस्टॅबमध्ये (बूट होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्याची यादी) त्या ईएफआय पार्टिशनच्या ओळीत नोफेल (सापडलं नाही तरी पुढे जा) घाला. नाहीतर होतं काय, पहिली डिस्क गेली, दुसरीवरून ग्रब आला, कर्नल आला, आणि मग सिस्टमडी (कर्नलनंतर बाकी सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम) ९० सेकंद त्या गेलेल्या पार्टिशनची वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. इतकं सगळं नीट करून इथे अडकलं की डोकंच फिरतं.

स्लॅश बूट (कर्नलच्या फाइल्सचं फोल्डर) मात्र रेड १ वर बिनधास्त ठेवा, ग्रब २ ला मेटाडेटा १.२ वाचता येतो, तो नको म्हणणारे सल्ले जुन्या ग्रबच्या काळातले.

जुन्या डिस्क वापरताय? आधीच्या रेडचा सुपरब्लॉक (मेटाडेटाचा तोच तुकडा) शिल्लक असेल तर इन्स्टॉलर डिस्क बिझी आहे म्हणतो, अचानक एमडी१२७ नावाचं जुनं रेड ॲरे उगवतं. ते ॲरे थांबवून सुपरब्लॉक पुसा, पण पुसण्याआधी डिस्कचा सीरियल नंबर स्टिकरशी जुळवून बघा, एसडीए आणि एसडीबी ही डिस्कची नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात.

शेवटी टेस्ट. मशीन बंद करा, पहिल्या डिस्कची केबल काढा, चालू करा. आलं वर? मग बंद करून केबल परत लावा, पण ती डिस्क बहुतेक वेळा आपोआप रेडमध्ये परत येत नाही, एमडीएडीएमने हाताने ॲड करावी लागते. एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती दाखवणारी फाइल) रीसिंक पूर्ण होऊन दोन यू (दोन्ही डिस्क चालू) दिसेपर्यंत दुसरीच्या केबलला हात लावू नका.